अ‍ॅप स्वतःला अपडेट करतं तेव्हा अ‍ॅडमिन परवानगी कुणी, कधी आणि कितपत द्यायची?

जमाखर्च

मंडळी, हा प्रश्न बरेच दिवस छळतोय. आता तो ग्राहकांच्या तक्रारींपर्यंत पोचलाय, म्हणून धागा काढतो.

आमचं विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. जुनं आहे, ३२-बिट आहे, प्रोग्रॅम फाइल्स या विंडोजच्या फोल्डरमध्ये बसतं. इन्स्टॉल करताना अ‍ॅडमिन लागतो, त्याला कुणाची हरकत नाही, कारण तो एकदाच लागतो. पण रोज वापरणारे लोक साध्या खात्यावर काम करतात आणि अ‍ॅप आपलं आपण अपडेट होतं. सुरू झालं की सर्व्हरला विचारतं, नवी आवृत्ती असेल तर झिप उतरवून घेतं आणि 'अपडेटर' नावाची वेगळी ईएक्सई (चालवण्याची फाइल) चालवतं. ती फायली बदलते. निदान तशी अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात दोन प्रकार दिसतात. बहुतेक कंपन्यांच्या मशिनांवर अपडेट निमूट होतं, अ‍ॅपमध्ये आवृत्तीचा नवा आकडा दिसतो, पण त्या आवृत्तीत आम्ही काढून टाकलेला दोष जसाच्या तसा असतो. आणखी विचित्र म्हणजे त्याच मशिनवर दुसऱ्या माणसाने लॉगिन केलं की आकडा जुना दिसतो. अ‍ॅप एक, फोल्डर एक, आकडे दोन.

दुसरा प्रकार घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या मशिनांवरचा. तिथे सकाळी अ‍ॅप उघडताच स्क्रीन काळवंडतो आणि पिवळ्या पट्टीची परवानगीची खिडकी येते, 'प्रकाशक: अज्ञात'. लोक घाबरून 'नाही' म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काहींनी आम्हाला फोन करून विचारलं की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस शिरलाय का.

आमच्या टीममध्ये एक सूचना जोर धरतेय: इन्स्टॉलरनेच त्या फोल्डरवर सगळ्या वापरकर्त्यांना लिहिण्याची पूर्ण मुभा द्यायची, म्हणजे परवानगीचा विषयच मिटला. माझं मन घेत नाही, पण 'नको' म्हणायला ठोस कारण हवं. तुम्ही लोक हे कसं हाताळता?

सरळसोट

इतका विचार कशाला करताय? फोल्डरला परवानगी द्या आणि मोकळे व्हा. ऑफिसातली मशिनं आहेत, बाहेरचं कुणी येऊन बसत नाही. कितीतरी जुनी सॉफ्टवेअरं हेच करतात आणि वर्षानुवर्षं चालतात. ग्राहकाला अपडेट मिळालं पाहिजे, तेही त्रास न होता. जुनी आवृत्ती तशीच राहणं हाही सुरक्षेचा धोकाच आहे ना?

तळटीप

शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. अपडेट न होणारं सॉफ्टवेअर धोकादायकच. पण आधी जमाखर्च यांचं कोडं सोडवू, कारण ते कळलं की पुढचा अर्धा मार्ग दिसतो.

तुमच्या ईएक्सईमध्ये मॅनिफेस्ट, म्हणजे प्रोग्रॅमला काय लागतं हे विंडोजला सांगणारी नोंद, नाही, किंवा असला तरी त्यात परवानगीची पातळी लिहिलेली नाही, असं मी धरून चालतो. विंडोज व्हिस्टापर्यंत जवळजवळ सगळेच अ‍ॅडमिन म्हणून बसायचे आणि अ‍ॅप्स प्रोग्रॅम फाइल्समध्ये बेधडक लिहायची. व्हिस्टाने २००७ मध्ये यूएसी (ही परवानगी विचारणारी व्यवस्था) आणलं तेव्हा ही सगळी अ‍ॅप्स एका रात्रीत बंद पडली असती. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक सोय ठेवली: मॅनिफेस्ट नसलेल्या ३२-बिट अ‍ॅपने प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला, तर 'परवानगी नाही' असं न सांगता ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये, लोकल अ‍ॅपडेटाच्या आतल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये वळवायचं. वाचतानाही तेच, आधी तिथे बघायचं, नसेल तर खऱ्या जागी.

आता मेख इथे आहे. ही वळवावळवी ईएक्सईसारख्या चालवण्याच्या फायलींना लागू नाही. त्या मुद्दाम वगळल्या आहेत, नाहीतर प्रत्येक वापरकर्त्याकडे प्रोग्रॅमची वेगळीच खाजगी प्रत तयार झाली असती. म्हणजे तुमचा अपडेटर काय करतो बघा. नवी ईएक्सई टाकायला जातो, तिथे एरर ५, म्हणजे 'परवानगी नाही', मिळते, बहुधा कोड ती न बघता पुढे जातो. मग आवृत्तीची आयएनआय फाइल (सेटिंग्जची साधी मजकूर-फाइल) लिहितो, आणि ती 'यशस्वी' होते, कारण ती व्हर्च्युअलस्टोअरमध्ये गेली. पुढच्या वेळी अ‍ॅप सुरू होतं, आयएनआय वाचतं, त्याला व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत मिळते, आकडा नवा, प्रोग्रॅम जुना. दुसऱ्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये ती प्रत नाही, म्हणून त्याला जुना आकडा. दोन आकड्यांचं रहस्य एवढंच. आणि 'मी तर नवाच आहे' असं समजून अ‍ॅप पुढचं अपडेट येईपर्यंत काही मागणारही नाही.

मग घरच्या मशिनवर खिडकी का येते? कारण विंडोजची आणखी एक अटकळ आहे. मॅनिफेस्टमध्ये पातळी नसलेल्या ३२-बिट ईएक्सईच्या नावात 'इन्स्टॉल', 'सेटअप' किंवा 'अपडेट' असं काही असलं, की विंडोज तिला इन्स्टॉलर समजून अ‍ॅडमिन मागतं. तुमच्या फाइलचं नावच अपडेटर. कंपन्यांमध्ये ही ओळखपरेड ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशिनांना एकदम लागू होणाऱ्या नियमांनी) बंद ठेवायची पद्धत आहे, म्हणून तिथे खिडकी येत नाही आणि पहिला प्रकार घडतो.

तेव्हा पहिलं काम: दोन्ही ईएक्सईंना मॅनिफेस्ट द्या. मुख्य अ‍ॅपला 'अ‍ॅज-इन्व्होकर', म्हणजे ज्याने चालवलं त्याच्याच अधिकारात. पातळी लिहिली की वळवावळवी आणि अटकळ दोन्ही बंद होतात. त्यानंतर अपडेट उघडपणे फसायला लागेल. घाबरू नका, ते आधीही फसतच होतं. आता निदान दिसेल.

जमाखर्च

तळटीप, आत्ताच एका ग्राहकाच्या मशिनवर बघितलं. व्हर्च्युअलस्टोअरच्या आत आमच्या नावाचं फोल्डर आहे. त्यात आवृत्तीची आयएनआय, दोन छपाईचे साचे आणि एक लॉग. ईएक्सई एकही नाही. लॉगमध्ये ओळ आहे 'फायली बदलल्या'. कोडमध्ये कॉपी करणाऱ्या फंक्शनचं उत्तर कुणी वाचतच नाहीये.

मॅनिफेस्ट देतो. पण मग फोल्डर मोकळं करायची सूचना आणखी जोरात पुढे येणार, कारण आता सगळीकडेच अपडेट फसणार.

सर्व्हरखोली

मी टेबलाच्या पलीकडचा, म्हणजे तुमच्यासारख्यांची सॉफ्टवेअरं शेकडो मशिनांवर सांभाळणारा. मोकळं फोल्डर दिसलं की आम्ही ते सॉफ्टवेअर परत पाठवतो. कारण सांगतो.

प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या माणसाला फक्त वाचता आणि चालवता येतं, लिहिता येत नाही. संपूर्ण मशिनचा भरवसा या एका नियमावर उभा आहे. तिथली ईएक्सई मी अ‍ॅडमिन म्हणून चालवतो तेव्हा मला खात्री असते की ती कुणा अ‍ॅडमिननेच ठेवलेली आहे. तुम्ही फोल्डर मोकळं केलंत की एखादा कर्मचारी, किंवा त्याच्या नकळत त्याच्या ईमेलमधून आलेला मालवेअर, तिथे स्वतःची डीएलएल (प्रोग्रॅम चालताना उचलतो तो कोडचा तुकडा) ठेवू शकतो. लगेच काहीच होत नाही. मग महिन्याने तक्रार येते, मी त्या मशिनवर जातो, तुमचं अ‍ॅप 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून बघतो, आणि ती डीएलएल माझ्या अधिकारात चालते. बाहेरचा माणूस येऊन बसण्याची गरजच नाही, सरळसोट. सपोर्टचा माणूस स्वतःच्या हाताने दार उघडतो.

त्यात एकाच मशिनवर दोन पाळ्यांचे लोक असतील तर एकाने ठेवलेलं दुसऱ्याच्या खात्यात चालतं, अ‍ॅडमिन मध्ये न येताही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर हे अजिबातच नको.

पानगळ

प्रोग्रॅम फाइल्स सोडूनच द्या ना. वापरकर्त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, लोकल अ‍ॅपडेटाखालच्या 'प्रोग्रॅम्स'मध्ये इन्स्टॉल करा. तिथे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, अपडेट गुपचूप होतं, खिडकीच नाही. क्रोम २००८ मध्ये आलं तेच असं आलं, आणि घराघरांत पसरण्यात याचा वाटा मोठा होता असं माझं मत. व्हीएस कोडनेही २०१८ पासून विंडोजवर 'यूझर सेटअप' वेगळा दिला, मुख्यतः अपडेट सुरळीत व्हावं म्हणून. इलेक्ट्रॉनवर बनलेली बरीच चॅटची अ‍ॅप्स याच मार्गाने जातात. इन्स्टॉलर बनवायला इनो सेटअप वापरत असाल तर किमान अधिकार मागण्याची एक ओळ बदलायची आहे, आणि दोन्ही पर्याय एकाच इन्स्टॉलरमध्ये ठेवून माणसाला विचारताही येतं.

एक लक्षात ठेवा, चालू असलेली ईएक्सई विंडोज पुसू देत नाही, तिच्यावर लिहूही देत नाही, पण तिचं नाव बदलू देतं. त्यामुळे जुनीचं नाव बदलायचं, नवी तिच्या जागी ठेवायची, पुढच्या वेळी जुनी पुसायची. आवृत्तीगणिक वेगळं उपफोल्डर केलं तर आणखी बरं. अपडेट अर्धवट राहिलं तरी जुनी आवृत्ती अखंड असते.

सर्व्हरखोली

पानगळ, एकट्याच्या मशिनसाठी हे उत्तम आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण आमच्यासारख्या ठिकाणी पॉलिसी उलटी असते: वापरकर्त्याला जिथे लिहिता येतं तिथून काहीही चालू द्यायचं नाही. अ‍ॅपलॉकरचे मूळ नियमही विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्समधलंच चालू देतात. तुमचं प्रोफाइलमधलं अ‍ॅप तिथे उठतच नाही. आणि पाच जण वापरतात त्या मशिनवर पाच प्रती, त्यातल्या दोन कधीच अपडेट न झालेल्या, कारण ते लोक क्वचित बसतात.

जमाखर्च, आमच्यासाठी एवढंच करा: अपडेट बंद करण्याचं बटण द्या, आणि ते मशिन-पातळीच्या रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) वाचा, म्हणजे वापरकर्त्याला ते फिरवता येणार नाही. शांतपणे चालणारा एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) द्या. बाकी आम्ही बघून घेतो. जिथे हे बटण दाबलेलं आहे तिथे अ‍ॅपने 'नवी आवृत्ती आली आहे' असा फलकही लावू नये. माणूस तो बघून आम्हालाच फोन करतो.

आणखी एक गोष्ट बनवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या मशिनवर ते स्वतः अ‍ॅडमिन असतात. तिथे खिडकीत फक्त 'हो' दाबायचं असतं आणि अपडेटर त्यांच्याच खात्यात, जास्त अधिकाराने चालतो. आमच्याकडे खिडकी पासवर्ड मागते, मी माझ्या अ‍ॅडमिन खात्याचा टाकतो, आणि तुमचा अपडेटर माझ्या नावाने चालतो. मग तो 'सध्याच्या वापरकर्त्याच्या' रजिस्ट्रीत सेटिंग लिहितो ती माझ्या रजिस्ट्रीत. डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवतो तो माझ्या डेस्कटॉपवर. त्या माणसाचा जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह तर त्याला दिसतच नाही. तेव्हा जास्त अधिकाराच्या भागाने वापरकर्त्याच्या वस्तूंना हातच लावू नये. त्याने प्रोग्रॅमच्या फायली बदलाव्यात आणि संपावं. प्रोफाइलमधली कामं अ‍ॅपने पुढच्या वेळी सुरू होताना, त्या-त्या माणसाच्या खात्यात करावीत. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन'मध्ये तर एकाच माणसाच्या मशिनवरही वाढीव अधिकाराचं काम वेगळ्या, लपलेल्या खात्यात होतं. म्हणजे 'दोन्हीकडे प्रोफाइल एकच' हे गृहीत धरणं आता घरच्या मशिनवरही टिकणार नाही.

नवाक्षरी

याला जोडून विचारते. आमच्या अ‍ॅपमध्ये अपडेट झाल्यावर अपडेटरच अ‍ॅप पुन्हा सुरू करतो. त्यानंतर एक्सप्लोररमधून फाइल ओढून खिडकीत टाकली तर काहीच होत नाही. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं की सगळं ठीक. हे कशामुळे?

तळटीप

नवाक्षरी, तुमचा अपडेटर अ‍ॅडमिन अधिकारात आहे, आणि त्याने सुरू केलेलं अ‍ॅप तेच अधिकार वारशाने घेतं. कमी अधिकाराचा एक्सप्लोरर जास्त अधिकाराच्या खिडकीला संदेश पाठवू शकत नाही, विंडोज ते अडवतं. ओढाओढ बंद पडते हे नशीबच म्हणा, त्यामुळे निदान कळलं. खरी काळजीची गोष्ट ही की त्या दिवशी माणूस दिवसभर अ‍ॅडमिन अधिकारातलं अ‍ॅप वापरतो, त्यातून कुठूनही आलेल्या फायली उघडतो.

उपाय सोपा आहे. अपडेटरने अ‍ॅप सुरू करायचंच नाही. साध्या अधिकारातली एक छोटी प्रोसेस मागे थांबवून ठेवा. ती अपडेटर चालवते, तो संपायची वाट बघते, आणि मग स्वतः अ‍ॅप सुरू करते. ती साध्या अधिकारात असल्यामुळे अ‍ॅपही तसंच उघडतं. इनो सेटअपमध्ये मूळ वापरकर्ता म्हणून चालवण्याचा पर्याय आहे, पण इन्स्टॉलर आधीपासूनच अ‍ॅडमिन म्हणून सुरू केला असेल तर त्याचा उपयोग होत नाही, कारण परत जायला मूळ असं काही उरतच नाही.

चालू प्रोसेसचे अधिकार मध्येच वाढवता येत नाहीत, हे एकदा पक्कं लक्षात घेतलं की अशी कोडी आपोआप सुटतात. अधिकार प्रोसेस जन्मताना ठरतात. म्हणूनच 'अ‍ॅपला अ‍ॅडमिन करा' हा विचार चुकीचा, आणि 'कामाचा एवढाच तुकडा वेगळ्या प्रोसेसमध्ये' हा बरोबर.

सरळसोट

ठीक, फोल्डर मोकळं करायचं नाही, मान्य. पण मग दर अपडेटला पासवर्ड मागणार का? साध्या माणसाकडे तो नसतोच. म्हणजे अपडेट होणारच नाही. फिरून तिथेच आलो.

तळटीप

नाही, इथे सर्व्हिसचा मार्ग आहे. इन्स्टॉल करताना अ‍ॅडमिन असतोच, त्याच वेळी एक छोटी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, बसवून ठेवायची. पुढचे अपडेट ती करते, खिडकीशिवाय. फायरफॉक्सने एप्रिल २०१२ मध्ये, १२व्या आवृत्तीत हेच केलं. त्यांची मेंटेनन्स सर्व्हिस एरवी बंद असते. अपडेट असेल तेव्हाच जागी होते, अपडेटरची सही (तो खरंच बनवणाऱ्याचाच असल्याची डिजिटल खूण) तपासते, तो चालवते, पुन्हा बंद. कुणाची सही चालेल ही माहिती मशिन-पातळीच्या रजिस्ट्रीत असते, तिथे साध्या माणसाला लिहिता येत नाही.

पण हे काम फार जपून करायचं आहे, कारण सर्व्हिस 'सिस्टिम' म्हणून चालते, अ‍ॅडमिनपेक्षाही वर. ती साध्या अधिकारातल्या अ‍ॅपचं ऐकते. म्हणजे मशिनवर चालणारी कुठलीही प्रोसेस तिला साद घालू शकते. तेव्हा तिने विचारणाऱ्यावर काडीचाही विश्वास ठेवू नये. 'ही फाइल चालव' असा निरोप तर स्वीकारूच नये. 'अपडेट बघ' एवढाच निरोप असावा, आणि कुठून आणायचं, काय तपासायचं हे तिचं तिला माहीत असावं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तपासणी आणि वापर यांच्या मधल्या वेळात. अ‍ॅपने फाइल वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरमध्ये उतरवली. सर्व्हिसने तिथेच तिची सही तपासली, बरोबर निघाली. मग ती चालवली. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात मालवेअर ती फाइल बदलू शकतो, कारण फोल्डर वापरकर्त्याचं आहे. म्हणून क्रम असा हवा: आधी फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची, जिथे सिस्टिम आणि अ‍ॅडमिनशिवाय कुणालाच लिहिता येत नाही, मग त्या कॉपीची सही तपासायची, आणि तीच कॉपी चालवायची. हे फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्येच ठेवा. प्रोग्रॅमडेटा सुरक्षित वाटतं पण नसतं. तिथे मुळात कुणीही नवं फोल्डर तयार करू शकतो, आणि तुमच्या सर्व्हिसच्या आधी कुणी त्याच नावाचं फोल्डर करून ठेवलं तर त्याची मालकी त्याची.

सहीची तपासणीही पुरती करा. ऑगस्ट २०२२ मध्ये पॅट्रिक वॉर्डल यांनी डेफ कॉन परिषदेत झूमच्या मॅकवरच्या अपडेटरची कमजोरी दाखवली. अपडेटर रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकारात चालायचा आणि पॅकेजवर झूमची सही आहे का हे बघायचा. पण कसं? तपासणीच्या आदेशाने छापलेल्या मजकुरात सर्टिफिकेटची नावं सापडतात का, एवढंच. त्या मजकुरात फाइलचं नावही छापलं जायचं. म्हणजे फाइललाच ती नावं दिली की तपासणी पास. झूमने ते दुरुस्त केलं, पण धडा कायमचा आहे.

आणि जुन्या आवृत्तीलाही तुमचीच खरी सही असते. म्हणून सर्व्हिसने सध्याच्या आवृत्तीपेक्षा जुनं काही बसवायला साफ नकार द्यावा, नाहीतर कुणीतरी तुमचीच तीन वर्षांपूर्वीची भोकं असलेली आवृत्ती तुमच्याच सर्व्हिसकडून बसवून घेईल.

जमाखर्च

आम्ही झिपसोबत हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) उतरवून जुळवतो. तेवढं पुरत नाही का?

तळटीप

हॅश त्याच सर्व्हरवरून येतो ना? मग सर्व्हर ज्याच्या हातात गेला त्याच्या हातात हॅशही गेला. हॅशने फक्त उतरवताना फाइल बिघडली का हे कळतं. तुमच्या क्षेत्रातलंच उदाहरण देतो. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एमईडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट यंत्रणेतून नॉटपेट्या हा मालवेअर पसरला आणि जगभरच्या कंपन्या ठप्प झाल्या. सही जिने करता ती खाजगी किल्ली अपडेटच्या सर्व्हरवर कधीही ठेवू नका. ती वेगळी असेल तरच सर्व्हर फुटल्यावर सही कामाला येते.

अर्धविराम

मॅकवाल्यांसाठी थोडं. तिथे चित्र वेगळं आहे, कारण अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये अ‍ॅडमिन गटातल्या खात्याला पासवर्डशिवाय लिहिता येतं. अ‍ॅप ओढून टाकलं की त्याची मालकी ओढणाऱ्याची, म्हणून अपडेट विनापासवर्ड होतं. तेच अ‍ॅप पॅकेज इन्स्टॉलरने बसवलं तर मालकी रूटची, आणि मग पासवर्ड लागतो. 'काही लोकांना विचारतं, काहींना नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. स्पार्कल ही मॅकवरची तयार अपडेट-व्यवस्था वापरत असाल तर ते आधी लिहिता येतंय का बघतं आणि गरज असेल तेव्हाच विचारतं. स्वतःचं लिहिण्यापेक्षा तेच घ्या, सहीची व्यवस्थाही त्यात आहे.

एक फसवी जागा सांगतो. माणूस अ‍ॅप डाउनलोड्समधूनच चालवतो. मॅकओएस सिएरापासून, म्हणजे २०१६ पासून, इंटरनेटवरून आलेलं असं अ‍ॅप एका भलत्याच, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवलं जातं. तिथे अपडेट कधीच होणार नाही, पासवर्ड दिला तरी. अशा वेळी परवानगी मागू नका, 'आधी अ‍ॅप्लिकेशन्समध्ये हलवा' असं सांगा. रूटचा मदतनीस हवाच असेल तर मॅकओएस व्हेंच्युरापासून त्यासाठी नवी व्यवस्था आहे, आणि तो वापरकर्त्याला सिस्टिम सेटिंग्जमध्ये दिसतो, तिथून बंदही करता येतो. मला हे फार आवडलं. ज्याचं मशिन आहे त्याला कळलं पाहिजे की मागे काय चालतंय.

मुक्तछंद

लिनक्सवर उत्तर छोटं आहे: पॅकेज मॅनेजरने बसवलं असेल तर अ‍ॅपने स्वतःला हात लावू नये. फायली रूटच्या आहेत, कोणती फाइल कुठल्या पॅकेजची याची नोंद आहे, त्यात परस्पर बदल केला तर पुढचं सिस्टिम अपडेट अडखळेल. स्वतःची रेपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) द्या किंवा फ्लॅटपॅक या प्रकारचं पॅकेज करा. माणसाने होम फोल्डरमध्ये उलगडून ठेवलेली प्रत असेल तर मात्र खुशाल स्वतः अपडेट व्हा, तिथे परवानगी लागतच नाही. पीकेएक्झेकने (दुसऱ्याच्या अधिकारात प्रोग्रॅम चालवणाऱ्या आदेशाने) रूट मागून फायली बदलणारी अ‍ॅप्स पाहिली आहेत, आणि ती बघून पोटात गोळा येतो. खुद्द पीकेएक्झेकमध्येच २००९ पासून असलेला दोष जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला, कुणालाही रूट होता येत होतं. इतका जुना, इतका वापरातला कोड असून. तुमचा दोन आठवड्यांत लिहिलेला मदतनीस त्याहून सुरक्षित असेल असं समजू नका.

पानगळ

खिडकीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. सर्व्हिस नसेल आणि विचारावंच लागणार असेल, तर सकाळी अ‍ॅप उघडताना विचारू नका. तो माणूस कामाच्या घाईत असतो. अ‍ॅप बंद करताना विचारा, आणि आधी तुमच्या स्वतःच्या खिडकीत साध्या शब्दांत सांगा की आता विंडोज परवानगी विचारेल, कशासाठी, आणि तिथे प्रकाशक म्हणून कोणतं नाव दिसेल. त्यानंतर आलेली खिडकी अचानक वाटत नाही. ईएक्सईवर सही करा, म्हणजे 'अज्ञात'च्या जागी तुमचं नाव येईल.

आणि माणूस 'नाही' म्हणाला तर विंडोज एरर १२२३ देतं. ती चूक नाही, उत्तर आहे. लाल खिडकी दाखवू नका, लगेच पुन्हा विचारू नका, अ‍ॅप नेहमीसारखं चालू द्या. सारखं विचारत राहिलात तर लोक न वाचता 'हो' दाबायला शिकतात, आणि ती सवय मग दुसऱ्याच कुणाच्या तरी कामी येते.

जमाखर्च

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही ठरवलं ते असं: इन्स्टॉलर एकच, एकट्याच्या मशिनवर प्रोफाइलमध्ये आणि सामायिक मशिनवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये सर्व्हिससकट. सर्व्हरखोली यांचं बटण पहिल्याच आवृत्तीत येईल. हॅश जाऊन सही येईल, किल्ली वेगळ्या मशिनवर.

एक शेपूट उरलंय. काही ग्राहकांकडे सपोर्टच्या लोकांनी हाताने फोल्डर मोकळं करून दिलेलं आहे. नव्या इन्स्टॉलरने आयसीएसीएलएस हा परवानग्यांचा आदेश वापरून परवानग्या मूळ पदावर आणल्या की झालं ना? आणि व्हर्च्युअलस्टोअरमधला कचरा?

तळटीप

परवानग्या मूळ पदावर आणणं पुरेसं नाही. फोल्डर मोकळं असताना साध्या वापरकर्त्याने तिथे तयार केलेल्या फाइलचा मालक तोच असतो, आणि मालक आपल्या फाइलच्या परवानग्या केव्हाही पुन्हा बदलू शकतो. म्हणून मालकीही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटाकडे घ्यावी लागते. त्यातही, मोकळ्या काळात कुणी एखादी डीएलएल ठेवून गेला असेल तर परवानग्या नीट केल्याने ती जात नाही, उलट आता सुरक्षित जागी बसते. तेव्हा डागडुजी करू नका. ग्राहकाचा डेटा तिथे पडला असेल तर तो आधी हलवा, मग ते फोल्डर संपूर्ण काढा आणि नवं बसवा.

व्हर्च्युअलस्टोअर मात्र इन्स्टॉलरकडून साफ होणार नाही. तो अ‍ॅडमिनच्या खात्यात चालतो, बाकीच्यांच्या प्रोफाइलमध्ये त्याने शिरू नये. ते काम अ‍ॅपला द्या: नव्या आवृत्तीने प्रत्येक वापरकर्त्याकडे पहिल्यांदा सुरू होताना आपलं तिथलं फोल्डर शोधावं. आवृत्तीची आयएनआय पुसावी. पण छपाईचे साचे पुसू नका. लोकांनी ते आपल्या सोयीने बदललेले असतील आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसेल. ते प्रोफाइलमधल्या नव्या जागी न्यायचे, नेलेले उघडून बघायचे, आणि मगच जुनं फोल्डर काढायचं.